क्यूबेकची तिसरी मालिका

व्हर्दां, मॉन्ट्रियल
३ जुलै १९९५

प्रिय फ्लरेट,

अनेक आशीर्वाद, आणि त्याहून जास्त सांत्वन.

परवा पहिली जुलै झाली. नेहमीप्रमाणे अख्खं मॉन्ट्रियल एकाच दिवशी घर बदलत होतं. आमच्या गल्लीत बाहेरच्या गोल जिन्यांवरून फ्रीज उतरले, एक पियानो उतरला आणि एक आजारी सासू खुर्चीसकट उतरली. मी गॅलरीत बिअर घेऊन बसलो होतो आणि सगळ्यांना फुकट सल्ले देत होतो. तेव्हा तुझी आठवण झाली. म्हटलं, आमच्याकडे माणसं बिऱ्हाड हलवतात, आमच्या बहिणीकडे तर बर्फावरच्या हॉकीचा संघच बिऱ्हाड बांधून निघाला! तोही कुठे, तर डेन्व्हरला. तिथल्या लोकांनी बर्फ फक्त डोंगरावर पाहिलाय म्हणतात.

रडू नकोस. एक फायदा झाला बघ. हिशेब कायमचा मिटला. बाद फेरीत तुमच्या क्यूबेकची आणि आमच्या मॉन्ट्रियलची पाचदा जुंपली. ब्याऐंशीला तुम्ही, चौऱ्याऐंशीला आम्ही, पंच्याऐंशीला तुम्ही, सत्त्याऐंशीला आम्ही, आणि त्र्याण्णवला कोण, हे मी लिहीत नाही, तुझा रक्तदाब वाढतो. तीन मालिका आमच्या, दोन तुमच्या. आता क्यूबेक शहराला संघच नाही, म्हणजे हा आकडा दगडावर कोरला गेला. माझ्या थडग्यावर कोरला तरी चालेल.

थट्टा पुरे. रेमीचा फोन आला होता. पोरगं बरं आहे. संघाबरोबर त्यालाही नेलं हे चांगलंच झालं. स्केटच्या पात्यांना त्याच्यासारखी धार दुसरा कुणी लावत नाही, असं खेळाडूच म्हणाले म्हणे. पण तो म्हणाला, "मामा, आई फोन उचलते आणि बोलतच नाही." काय भानगड आहे? संघावरचा राग पोरावर काढू नकोस. त्याने काही संघ विकला नाही.

तुला फोनच करणार होतो, पण फोनवर आपण भांडतो. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं.

तुझा,
क्लोव्हिस

•

लिमुआलू, क्यूबेक
१९ जुलै १९९५

प्रिय दादा,

तुझं सांत्वन परत पाठवते आहे. जपून ठेव, तुला लवकरच लागेल. गेल्या हंगामात तुमचा संघ बाद फेरीपर्यंतसुद्धा पोचला नव्हता, हे तू सोयीस्कर विसरलास. ज्याच्या घराला आग लागलीय त्याने शेजाऱ्याच्या चुलीचा धूर मोजू नये.

आणि तीन-दोन, तीन-दोन काय लावलंयस? चौऱ्याऐंशीची मालिका तुम्ही गुड फ्रायडेला भर मैदानात हाणामारी करून जिंकलात. ती मोजायची का, हे आधी एखाद्या पाद्र्याला विचार. त्र्याण्णवला पहिले दोन्ही सामने आम्ही घेतले होते. पुढचे चार तुमच्या गोलकीपरने चोरले. त्याला चोरीच म्हणतात, मी फादर लव्हॉयनाही तसंच सांगितलं. ते म्हणाले, फ्लरेट, हे पाप नव्हे, हा खेळ आहे. ते मूळचे मॉन्ट्रियलचे, म्हणून असं बोलतात.

रेमीचं म्हणशील तर फोनची लाइन खराब आहे. मला त्याचं ऐकू येतं, त्याला माझं जात नसेल. डेन्व्हर केवढं लांब. मधे किती खांब असतील.

गुडघा कसा आहे? टोमॅटो आले की फळांचं केचप करीन, दोन बाटल्या पाठवते.

तुझी,
फ्लरेट

•

व्हर्दां
१० सप्टेंबर १९९५

प्रिय फ्लरेट,

केचप पोचलं. एक बाटली मी खाल्ली आणि दुसरी ओव्हिलाने पळवली. आमचा ओव्हिला तुला आठवत असेल, निवृत्त पोस्टमन, आमच्या म्हाताऱ्यांच्या संघाचा गोलकीपर. आयुष्यभर दुसऱ्यांची पाकिटं पोचवली, आता माझी बाटली पोचवायला मात्र विसरला.

त्याच्याशी माझं आठवडाभर भांडण चाललंय. पेपरात आलं की क्यूबेकच्या संघाचे सगळे जुने विक्रम आता डेन्व्हरच्या नावावर लागणार. तुमच्या त्या दोन मालिकासुद्धा. ओव्हिला म्हणतो, बरोबर आहे, संघ जिथे जातो तिथे त्याचा इतिहास जातो. मी म्हटलं, वा रे वा! तिसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड पहिल्या जुलैला दुसरीकडे गेलं, तर त्या घरात झालेली लग्नं, बारशी आणि भांडणं काय फ्रीजबरोबर ट्रकमध्ये जातात? ती गल्लीतच राहतात. ब्याऐंशीला लिमुआलूत रस्त्यावर येऊन कोण नाचलं होतं? डेन्व्हरवाले? तू नाचली होतीस, स्वयंपाकाच्या एप्रनमध्ये. मी तेव्हा तुझ्याशी महिनाभर बोललो नव्हतो. म्हणजे बघ, मी तुमच्या दोन मालिका तुमच्याकडेच ठेवल्या. ह्याला म्हणतात मोठा भाऊ.

आता खरं बोल. रेमी म्हणतो लाइन इतकी स्वच्छ आहे की तुझ्या स्वयंपाकघरातलं घड्याळ त्याला डेन्व्हरमध्ये ऐकू येतं. दर रविवारी चर्चच्या प्रार्थनेनंतर तो फोन करतो, तू उचलतेस, तुझा श्वास ऐकू येतो आणि शब्द नाही. शेवटी तोच "बरंय आई" म्हणून ठेवतो. फ्लरेट, मी तुला जन्मापासून ओळखतो. तू गप्प बसणारी बाई नव्हेस. बापाच्या अंत्यविधीला तू पाद्र्याला मधेच थांबवून त्याची चूक दुरुस्त केली होतीस. काय झालंय?

क्लोव्हिस

•

लिमुआलू
८ ऑक्टोबर १९९५

प्रिय दादा,

सांगते. पण हसलास तर पुढच्या वर्षी केचप बंद.

मे महिन्यात, संघ विकला जाणार अशी बोलवा रोज उठत होती, तेव्हा आमच्या चर्चच्या पॅरिशमधल्या बायकांची बस बोप्रेला संत आनच्या दर्शनाला गेली. मी तिच्या मूर्तीसमोर उभी राहिले. माझं डोकं फिरलेलं होतं. आदल्याच दिवशी रेमीने सांगितलं होतं, "आई, संघ गेला तर मीही जाणार." मी संत आनला म्हटलं: बाद फेरीत क्यूबेक जोवर मॉन्ट्रियलला आणखी एकदा हरवत नाही, तोवर मी ह्या पोराशी एक शब्द बोलणार नाही.

तू म्हणशील, हा कसला नवस. मी नीट विचार करून केला होता रे. आईचा आवाज पोराच्या कानी पडायला हवा, तर मालिका व्हायला हवी. मालिका व्हायला हवी, तर संघ इथेच राहायला हवा. आता बघ तू काय करतेस ते, असं मी तिला सांगितलं. शिवाय संघ तरणाबांड होता, पुढच्याच वर्षी तुम्हाला लोळवला असता. पण संत आनने काही केलं नाही. तिला हॉकीतलं काही कळत नसावं.

घरी परतले त्याच आठवड्यात संघ विकल्याचं जाहीर झालं, आणि जूनमध्ये पोरगं गेलं. दारात उभा राहून म्हणाला, "आई, काहीतरी बोल." मी त्याच्या कोटाची वरची गुंडी लावली. बोलले नाही. जूनमध्ये कोट कशाला घातला होतास, हेसुद्धा विचारता आलं नाही.

आता क्यूबेकला संघच नाही, मग हरवणार कोण? फादर लव्हॉय म्हणाले, नवस बदलून देता येतो, वर्षभर रोज जपमाळ म्हणा. मी म्हटलं, फादर, ती येशूची आजी आहे. पाद्र्याच्या चिठ्ठीवर आजी ऐकते होय? लग्नाला किती वर्षं झाली तरी माझी कूस उजवत नव्हती, तेव्हा मी तिथल्या पायऱ्या गुडघ्यांवर चढून तिच्याकडे हा मुलगा मागितला होता. तिने तिचा शब्द पाळला. मी माझा मोडू?

रेमीला ह्यातलं काही सांगायचं नाही. शपथ आहे तुला. त्याला कळलं तर नोकरी सोडून पहिल्या विमानाने येईल आणि मॉलमधल्या दुकानात शाळकरी पोरींच्या स्केटना धार लावत जन्म काढील. मी नवस केला तेव्हा मला तेच हवं होतं. आता नको आहे. मला तो हवाय, पण तसा हरलेला नकोय.

रविवारी मी फोन दोन्ही हातांनी धरते. बोलायचं नाही असं म्हटलं होतं, ऐकायचं नाही असं म्हटलं नव्हतं.

फ्लरेट

•

व्हर्दां
१२ डिसेंबर १९९५

प्रिय फ्लरेट,

हसलो नाही. पहिल्यांदा वाचताना हसलो, ते मोजू नकोस.

उत्तराला उशीर झाला, कारण इथे सुतक आहे. आमचा गोलकीपर गेला. मेला नाही, डेन्व्हरला गेला! ज्याने त्र्याण्णवला तुमचे चार सामने "चोरले", तोच. वरिष्ठांशी बिनसलं आणि चार दिवसांत देऊन टाकला, तोही तुमच्या जुन्या संघाला. ओव्हिला दोन दिवस जेवला नाही. आता रेमी त्याच्या स्केटना धार लावत असेल. दैव बघ, तुझ्या पोराच्या हातची धार आणि आमचा चोर, दोघं एकाच छपराखाली.

आता कामाचं. मी तुझ्या नवसाचा वकिलासारखा विचार केलाय. तू तिला नेमकं काय म्हणालीस? "क्यूबेक" आणि "मॉन्ट्रियल" एवढंच ना? पगारी खेळाडू असं म्हणालीस का? कुठल्या लीगचं नाव घेतलंस? नसशील घेतलं, कारण रागात माणूस एवढं बोलत नाही. मग झालं तर! व्हर्दां हा मॉन्ट्रियलचाच भाग, आणि लिमुआलू म्हणजे क्यूबेक. तुमच्या पॅरिशचा म्हाताऱ्यांचा संघ आहे, आमचा आहे. आम्ही फेब्रुवारीत बस करून येतो. आमच्या लीगमध्ये आम्ही चौथे, तुम्ही तुमच्यात चौथे, म्हणजे तीही बाद फेरीच. सातपैकी चार सामने आमच्या गुडघ्यांना झेपणार नाहीत, तीनपैकी दोन. तुम्ही जिंकलात की हिशेब तीन-तीन आणि तुझं तोंड उघडलं. संत आनला हॉकी कळत नाही असं तूच लिहिलंयस, मग तिला लीगमधला फरक तरी कुठून कळणार?

क्लोव्हिस

•

लिमुआलू
७ जानेवारी १९९६

प्रिय दादा,

तू वकील झाला नाहीस हे कायद्याचं नशीब. पण तीन दिवस विचार केला आणि मला तुझ्या बोलण्यात खोट सापडली नाही. फादरनाही विचारलं. ते छताकडे बघत म्हणाले, "मी नाही म्हणत नाही."

आमचे तयार आहेत. कप्तान मस्यू तेबेर्ज, अंत्यसंस्काराचं दुकान चालवतात ते. नजर जरा कमी झालीय, पण चालतात रुबाबात. पॅरिशच्या मागचं, माझ्या खिडकीसमोरचं उघडं बर्फाचं मैदान मिळालंय, फेब्रुवारी अखेरीस शनिवार-रविवार.

एकच अट, आणि ती कडक आहे. खोटं खेळायचं नाही. मुद्दाम हरलात तर ती मालिका नव्हे, आणि मला ते तुझ्या तोंडावर दिसेल. आजी म्हातारी असली तरी आंधळी नसते. जिंकायला या आणि हरून जा.

मटारचं सूप मी करते. तुझ्या लोकांना सांग, बिअर आपापली आणायची.

फ्लरेट

•

व्हर्दां
२७ फेब्रुवारी १९९६

प्रिय फ्लरेट,

तुझ्या घरून निघताना तू मला डबा दिलास आणि काही बोलली नाहीस. बसमध्ये सगळे गात होते, मी गायलो नाही. आता जे झालं ते लिहितो. तू खिडकीतून पाहिलंस, पण आतलं तुला माहीत नाही.

मी तुझी अट मोडली होती. बसमध्येच सगळ्यांना सांगून ठेवलं, पोरांनो, आपण हरायला चाललोय, माझ्या बहिणीच्या घरचा प्रश्न आहे. सगळे हो म्हणाले. ओव्हिलाच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

पहिला सामना ठरल्याप्रमाणे हरलो. कुणाला संशय आला नाही, आम्ही एरवीही तसेच खेळतो. दुसरा चुकून जिंकलो. तुमचा गोलकीपर चष्मा पुसत होता, त्यात कुणाचा दोष? राहिला तिसरा. दोन-दोन झालेले, वेळ संपत आलेली, आणि तेबेर्जसाहेब चकती घेऊन एकटे ओव्हिलासमोर. मी मनात म्हटलं, चला, सुटलो. ओव्हिलाने ठरल्याप्रमाणे उजवी बाजू मोकळी सोडली आणि डावीकडे झुकला. पण तेबेर्जना उजवी बाजू दिसलीच नाही! त्यांनी नेम धरून चकती ओव्हिलाच्या पोटावर मारली. ती उडाली आणि थेट माझ्या काठीपाशी आली. मी मान वर केली, तर तुमचा गोलकीपर तेबेर्जना शाबासकी द्यायला अर्ध्या मैदानापर्यंत आलेला. समोर क्यूबेकचं रिकामं जाळं.

फ्लरेट, मी सत्तर वर्षांचा आहे. ह्या सत्तर वर्षांत क्यूबेकचं रिकामं जाळं माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. हात आपोआप फिरला. चकती आत जाईपर्यंत मी आनंदात होतो. ती आत गेली आणि मला तुझी खिडकी दिसली.

दोन्ही हात वर होते माझे. तेही आपोआपच गेले.

आता चार-दोन झालं. मला क्षमा कर. दुसरं काही सुचत नाही.

क्लोव्हिस

•

लिमुआलू
२० मार्च १९९६

प्रिय दादा,

हात वर केलेस ते ठीक. त्यावर एका पायावर गिरकी घेतलीस, ती कुठल्या गुडघ्याच्या जोरावर? तो तर दुखतो ना?

मी रागावलेली नाही. त्या दिवशी खिडकीत उभी होते, तेव्हा रडू येईल असं वाटलं होतं आणि आलं हसू. तुम्ही मुद्दाम हरणार हे मला बस आली तेव्हाच कळलं. तुझे लोक माझ्याकडे अशा दयेने बघत होते, जसं काही घरात प्रेतच ठेवलंय. तेबेर्जसुद्धा म्हणाले, "फ्लरेटबाई, पाहुणे फार हळवे दिसतायत." मला वाटलं, जिंकलो तर जिंकलेलं खरं कसं धरू? तू ती अडचण सोडवलीस. आणि खेळ संपल्यावर दोन्ही संघ रांगेत समोरासमोर येऊन एकमेकांचे हात हातात घेत होते ना, त्यानंतर तेबेर्जनी मला तुझ्याबद्दल काय म्हटलं सांगू? "असा प्रामाणिक शत्रू मिळत नाही."

तुमचं जुनं स्टेडियम बंद झाल्याचं वाचलं. टीव्हीवर म्हातारे खेळाडू रडत होते. तर आता तुम्हीही बिऱ्हाड हलवलंत! तुमचे इतके सगळे कप नव्या जागेत गेले की जुन्या गल्लीत राहिले, हे ओव्हिलाला विचारून कळव.

रविवारी रेमीने डोंगरांवरच्या उन्हाबद्दल सांगितलं. खेळाडूंपैकी कुणाला कशी धार लागते तेही. एकाला बोथट आवडते, एकाला वस्तऱ्यासारखी. मला त्यातलं फार कळत नाही, पण तो सांगताना त्याच्या बापासारखा आवाज काढतो. मग थांबतो. माझी वाट बघतो. त्या थांबण्यात मला सगळ्यात त्रास होतो, दादा. जीभ दातांत धरून बसते.

तो संघ चांगला खेळतोय म्हणतात. मी सकाळच्या पेपरात निकाल बघते. जिंकले तर आनंद होतो आणि कुणासाठी झाला ते कळत नाही.

फ्लरेट

•

व्हर्दां
१२ मे १९९६

प्रिय फ्लरेट,

आमचं आटोपलं. न्यूयॉर्कने आम्हाला पहिल्याच फेरीत घालवलं. गेल्या वर्षी त्यांनीच तुम्हाला घालवलं होतं, म्हणजे एका बाबतीत तरी क्यूबेक आणि मॉन्ट्रियल अगदी बरोबरीत सुटले. डेन्व्हर मात्र अजून खेळतंय. ओव्हिलाने आमच्या जुन्या गोलकीपरसाठी मेणबत्ती लावलीय. मी त्याला गद्दार म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप एक लावून आलो.

आता जे लिहितो ते लिहावं की नाही ह्याचा मी आठवडाभर विचार केला. रेमीने मला पत्र पाठवलं. त्यातलं जसंच्या तसं उतरवतो:

"मामा, आधी वाटायचं की आई ऐकते. आता वाटतं, ती फोन उचलून टेबलावर ठेवते आणि सूप ढवळायला जाते. मी टेबलाशी बोलतो. रागावली असेल तर तो तिचा हक्क आहे, मी तिला एकटं टाकून आलो. पण मला आता हे जमत नाही. हंगाम संपेपर्यंत करीन फोन, कारण अर्धवट सोडायचं नसतं. त्यानंतर नाही. तिलाही त्या घंटेचा त्रासच होत असेल."

तू मला शपथ घातलीयस म्हणून त्याला काही लिहिलं नाही. लिहिलं ते इतकंच, की तुझी आई सूप कधीच ढवळत नाही, म्हणून तर तिचं सूप खाली लागतं.

फ्लरेट, मी थट्टेखोर माणूस आहे, मला उपदेश करता येत नाही. पण नवस तू केलास आणि शिक्षा भोगतोय तो. तीन-दोन म्हण, चार-दोन म्हण, हवं तर सगळ्या मालिका तुझ्या म्हणून लिहून घे. मी सही करतो. फक्त हंगाम संपायच्या आत काहीतरी कर.

क्लोव्हिस

•

लिमुआलू
२१ जून १९९६

प्रिय दादा,

तुझं पत्र आल्यापासून मी उत्तर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

डेन्व्हर जिंकल्याचं तुला माहीतच आहे. क्यूबेक सोडून जेमतेम वर्ष झालं तोच हॉकीतला सगळ्यात मोठा, स्टॅन्ली कप! आमच्या रस्त्यावर त्या सकाळी विचित्र प्रकार होता. झेंडा लावावा की काळी फीत, हे कुणाला ठरवता येईना. बेकरीवाली म्हणाली, "आपलेच जिंकले." तिचा नवरा म्हणाला, "आपले कुठले? घटस्फोट झालाय." तेबेर्जनी दुकानावर संघाचा जुना निळा झेंडा लावला, पण अर्ध्या काठीवर. त्यांची सवय.

रविवारी फोन वाजला. मला ठाऊक होतं हा शेवटचा. उचलला. रेमी म्हणाला, "आई, कप जिंकला." मग सांगत राहिला. कप हातोहात फिरला, खेळाडू झाले, प्रशिक्षक झाले आणि मग कुणीतरी ओरडलं, अरे, धारवाल्याला द्या! म्हणाला, "मी उचलला, पण नीट धरताच आला नाही. अंगठ्याला टाके पडलेत. तिसऱ्या जादा वेळेआधी घाईत धार लावत होतो, पातं आत गेलं."

मी म्हटलं, "कुठल्या हाताचा?"

दादा, मी ठरवून बोलले नाही. तुझा हात कसा फिरला होता, तशी माझी जीभ फिरली. संत आन, नवस, काही मनात आलं नाही. अंगठा आला.

पलीकडून अगदी लहान आवाजात, "आई?"

"मग काय शेजारीण? कुठल्या हाताचा, विचारतेय मी."

"डाव्या."

"मलम लावतोस का?"

"तू आहेस होय तिथे?"

"मी कुठे जाणार? जाणारे गेले. मी होते तिथेच आहे, आणि वर्षभर तुझा शब्दन् शब्द ऐकलाय. टेबलाला सांगत होतास म्हणे! टेबलाला कान असते तर तेही रडलं असतं."

मग तो रडला आणि मीही. मग मी त्याला नवसाचं सगळं सांगितलं. तुझी बस, ओव्हिलाचं पोट, तुझी गिरकी, काही सोडलं नाही. तो इतका हसला की कुणीतरी धावत बघायला आलं. शेवटी त्याने विचारलं, "आई, मग हा कप कुणाचा धरायचा? इथले म्हणतात डेन्व्हरचा. जुने खेळाडू म्हणतात थोडा क्यूबेकचा."

मी म्हटलं, "कप डेन्व्हरचा. धार लिमुआलूची." हे तू ओव्हिलाला सांग आणि वाद मिटव.

पण नवस मोडला तो मोडलाच. म्हणून काल गुरुवारी बसने बोप्रेला गेले, शिक्षा मागायला. कामाचा दिवस, आत गर्दी नव्हती. संत आनसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. म्हटलं, मी शब्द मोडला, कारणही सांगितलं. आता तू काय ते बोल. मी थांबले. ती काही बोलली नाही. आणखी थांबले. पुन्हा म्हटलं, रागावलीस का? एवढं तरी सांग. काही नाही.

सदुसष्ट वर्षं मी तिच्याशी बोलते आहे. तिने कधी उत्तर दिलं नाही आणि मला कधी त्याचं वाईट वाटलं नव्हतं. काल वाटलं. पलीकडे कुणीतरी आहे हे पक्कं ठाऊक आहे, ती ऐकते हेही ठाऊक आहे, आणि तरी एक शब्द येत नाही. हे माझं पोर वर्षभर दर रविवारी असं उभं होतं, दादा. मी एकदा उभी राहिले तर सोसलं नाही.

तिची शिक्षा ही असेल तर मला मिळाली.

मी बाहेर आले. अंगणात सार्वजनिक फोन आहे. ऑपरेटर बाईला सांगितलं, डेन्व्हर लावा, पैसे त्याच्याकडून घ्या, तो आता कप जिंकलेला माणूस आहे. रेमीने उचलला आणि घाबरून म्हणाला, "आई? गुरुवारी? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं," मी म्हटलं. "आज फोन मी केलाय. तू गप्प बस आणि ऐक."

आणि मी बोलत सुटले. काय बोलले ते आता आठवतही नाही. बेकरीवालीचं, खिडकीच्या रंगाचं, असंच काहीबाही. तो मधेमधे "हं" म्हणत होता. परतीची बस समोरून निघून गेली, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी त्याला हातानेच सांगितलं, जा म्हणून.

तुझी,
फ्लरेट